मांजर बाहेर का दिलं, असं विचारणाऱ्यांना



गेले तीन रविवार उपासना सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर मला एकच प्रश्न विचारला जातो. कोणी हसत विचारतं, कोणी जरा टोचून. "बाई, आपल्या मंडळीत एवढी घरं असताना ते मांजर बाहेर का दिलं?" पायरीवर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. शिवाय त्या उत्तरात माझी स्वतःची एक चूक आहे. ती अर्धवट सांगितली तर दुसऱ्यावर ढकलल्यासारखी होते. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मागच्या जुलैतली गोष्ट. बेळगावचा जुलै कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. संडे स्कूल सुटलं आणि पोरं ओरडत आली, "टीचर, स्कूटरच्या शेडमध्ये काहीतरी हाय!" मी जाऊन बघितलं तर कोपऱ्यात एक पायपुसणं पडलेलं. भिजलेलं, चिखलानं माखलेलं. मी म्हटलं, उचला आणि टाका तिकडं. तेवढ्यात पायपुसण्यानं डोळे उघडले.

मांजरी होती. लांब केसांची, चपटं नाक, पर्शियन म्हणतात त्या जातीकडची. पण पूर्ण जातिवंत नव्हे, कुठेतरी आपल्या गल्लीतल्या बोक्याचंही रक्त असावं. जनावरांच्या डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, सात-आठ महिन्यांची, वर्षाच्या आतली नक्की. पक्के दात आलेले होते पण अगदी पांढरे, झीज नाही. गळ्याला पट्टा नव्हता, मात्र पट्ट्याची खूण होती. मानेभोवती बोटभर रुंद जागेतले केस झिजून गेलेले. म्हणजे कालपरवापर्यंत ती कोणाच्या तरी घरात होती.

पोरांनी तिचं नाव लगेच रूथ ठेवलं, कारण त्या दिवशी धडा रूथचा झाला होता. पवित्र शास्त्रातलं नाव मांजराला का, म्हणून आमच्याकडच्या एका वडीलधाऱ्यांनी नाराजी दाखवली. मी त्यांना म्हटलं, तुमच्या पुतण्याच्या कुत्र्याचं नाव सीझर आहे, तेही शास्त्रातच आहे. त्यावर ते हसले आणि विषय मिटला.

जाता जाता सांगते, आपल्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये पाळीव मांजर कुठेच नाही. गाढव आहे, मेंढरू आहे, कुत्रा आहे, चिमणीसुद्धा आहे. कॅथलिक बांधवांच्या बायबलमध्ये बारूखच्या ग्रंथात सहाव्या अध्यायात एका ओळीत पाखरांबरोबर मांजरांचा उल्लेख येतो, तेवढाच. पण चुकलेल्या जनावराचं काय करायचं हे मात्र अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात अगदी सरकारी परिपत्रकासारखं स्पष्ट दिलेलं आहे. बघून न बघितल्यासारखं करायचं नाही. मालक माहीत असला तर नेऊन पोचवायचं. माहीत नसला तर आपल्या घरी आणून ठेवायचं, तो शोधत येईपर्यंत. बैल, मेंढरू, गाढव, भावाचं हरवलेलं वस्त्रसुद्धा त्यात आहे. मांजर नाही म्हणून सुटका आहे असं मला वाटलं नाही.

म्हणून आधी मालक शोधला. दोन्ही जनावरांच्या दवाखान्यांत आणि कुत्र्या-मांजरांचं खाणं विकणाऱ्या दुकानांत चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठीत मुद्दाम रंग लिहिला नाही, आणि शेपटीच्या टोकाला एक खूण आहे तीही लिहिली नाही. जो खरा मालक असेल तो ते आपणहून सांगेल. मांजर सापडल्यावर फोटोसकट सगळं जाहीर करू नये, हे कोणीतरी मला आधीच सांगून ठेवलं होतं आणि ते खरं निघालं. दोन माणसं "आमचंच आहे" म्हणून आली. एकानं रंग काळा सांगितला. दुसऱ्यानं बोका सांगितला. पंधरा दिवस वाट बघितली, तिसरं कोणी आलं नाही.

का टाकलं असेल, हे डॉक्टरांनी मला न विचारताच सांगितलं. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू दुकानात कापसाच्या गोळ्यासारखं दिसतं. पोरं हट्ट करतात, बाप पैसे मोजतो. मग सहाव्या-सातव्या महिन्यात मांजरी पहिल्यांदा माजावर येते आणि रात्रभर ओरडते. शेजारी तक्रार करतात. त्याच सुमाराला केस पूर्ण वाढतात आणि गुंतायला लागतात. कोणाची बदली होते, कोणाच्या घरात बाळंतपण येतं, कोणाच्या पोराला शिंका. मग एका संध्याकाळी पिशवीत घालून देवळाच्या, मशिदीच्या नाहीतर चर्चच्या आवारात सोडून देतात. देवाच्या दारात सोडलं म्हणजे आपल्या मनाचं समाधान. कायद्यानं हा गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणं बसतं. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी पन्नास रुपये म्हणजे काहीतरी होतं. आज त्यात मांजराचं दोन वेळचं खाणं येत नाही.

आता त्या केसांविषयी. लांब केसांच्या मांजराला वरचे केस आणि खाली बारीक लोकरीसारखे केस असे दोन थर असतात. खालचे केस गळतात, पण वरच्या केसांत अडकून राहतात. रोज विंचरलं नाही तर त्यांचा गुंता होतो, आणि तो गुंता एकदा भिजला की घोंगडीसारखा घट्ट बसतो. रूथच्या काखांत, पोटाखाली, कानांमागे आणि मागच्या मांड्यांवर अशा घोंगड्या झालेल्या. चालताना कातडी ओढली जायची, म्हणून ती पाय फाकवून चालत होती. आम्हाला वाटलं पाय मोडलाय. मी कात्री घेतली होती. बरं झालं डॉक्टरांना आधी फोन केला. गुंत्याबरोबर कातडी वर उचलली जाते आणि कात्रीत केसाऐवजी कातडी येते. आंघोळही घालायची नाही, गुंता आणखी आवळतो. दवाखान्यात नेऊन, गुंगी देऊन, मशीननं सगळे केस काढले. घरी आणली तेव्हा डोकं तेवढं मोठं, बाकी अंग उंदरासारखं, शेपटीच्या टोकाला एक गोंडा. माझ्या सासूबाई नव्वदीला टेकल्यात. त्या म्हणाल्या, "अगं, हे कातरलेलं मेंढरू कुठनं आणलंस?" त्यांनी तिला रूथ कधीच म्हटलं नाही. त्यांच्या लेखी प्रत्येक मांजर ही मनी.

केसांखाली गजकर्ण निघालं. ते माणसालाही होतं. माझ्या उजव्या हातावर दोन चट्टे उठले, नातीच्या गालावर एक. औषधं, मलम, चादरी गरम पाण्यात. दीड-दोन महिने त्यातच गेले. डॉक्टर म्हणाले, हे बरं होऊ दे, वजन भरू दे, मग पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करू.

या सगळ्या काळात मी मंडळीच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला होता. "गरीब स्वभावाची मांजरी, चांगलं घर हवं आहे." एकूण चाळीसेक हात जोडलेली चित्रं आली. अंगठे आले. "देव तुमचं भलं करो बाई" असंही आलं. घर एकही आलं नाही. दोष देत नाही. ती दिसतच तशी होती.

ऑगस्ट संपता संपता एक बाई दारात आल्या. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, साड्यांना फॉल-पिको करतात. आम्ही सगळे त्यांना खाला म्हणतो. मी स्वतः वर्षानुवर्षं त्यांच्याकडे साड्या देते. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, ते मांजर अजून हाय काय तुमच्याकडं? कोण नेत नसलं तर मला द्या की."

मी आत बोलावलं. रूथ सोफ्याखालून बाहेर आली आणि खालांच्या पायाशी बसली. ते मांजर तोवर परक्या माणसासमोर बाहेर येत नव्हतं. हे मी बघितलं, आणि तरी मी खालांना म्हटलं, "बघते. औषधं चालू आहेत. नंतर सांगते."

औषधं चालू होती हे खरं. पण मनात जे होतं ते वेगळंच. एका खोलीचं घर, तेही भाड्याचं. नवरा वारलेला, शिवणाच्या मिळकतीवर चाललेलं. अशा घरात हे नाजूक जनावर कसं राहील? माझ्या मनात एक चित्र होतं. मोठं घर, गॅलरी, गाडी, डॉक्टरांचं बिल सहज भरणारी माणसं. खाला त्या चित्रात बसत नव्हत्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी साडी द्यायला गेले की फक्त म्हणायच्या, "बरं हाय न्हवं ते?"

मग केस वाढले. ऑक्टोबरअखेरपर्यंत बऱ्यापैकी, आणि नोव्हेंबरात तर ती अशी दिसायला लागली की दारावरून जाणारी माणसं थांबायची. नातीनं नाताळच्या चांदणीशेजारी तिचा एक फोटो काढला आणि मला न विचारता ग्रुपवर टाकला. आठवड्यात अकरा फोन. तेच मांजर, तोच स्वभाव, तोच ग्रुप.

फोन ऐकण्यासारखे होते. एकाला मुलीच्या वाढदिवसाला 'सरप्राइज' द्यायचं होतं. मी विचारलं, मुलीच्या आईला माहीत आहे का? तर तिलाही सरप्राइज. एका फोटो स्टुडिओवाल्यांना फक्त नाताळच्या शूटिंगपुरतं, दोन दिवस, भाड्यानं. शहापुरातून एका भल्या घरच्या बाईंचा फोन आला, बोलणं इतकं गोड की मला लगेच हो म्हणावंसं वाटलं. पण त्यांच्या घरी मांस-मासळी चालत नाही. "दूधभातावर राहील ना?" मी त्यांना सांगितलं, नाही राहणार. मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं, ते मांसातूनच मिळतं. ते नाही मिळालं तर हळूहळू दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. आणि दुधाचं म्हणाल तर मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचत नाही, पोट बिघडतं. मांजर म्हटलं की दूध, हे आपण गोष्टींतून शिकलो. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, उगाच पाप लागलं असतं." त्या अकरा फोनांमधला हा एकच असा, ज्यात समोरच्यानं मांजराचा विचार केला.

अकरावा फोन आमच्याच मंडळीतल्या एका मोठ्या घरातून. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील, त्यांना विनंती की ओळखून गप्प बसा. माणसं वाईट नाहीत. चर्चच्या छपराला त्यांनी सढळ हातानं दिलेलं आहे, माझ्या आजारपणात त्यांच्याकडून डबा आलेला आहे. घर मोठं, गॅलरी, गाडी. माझ्या मनातलं चित्र हुबेहूब. मी एक प्रश्न धड विचारला नाही. ऑपरेशन तेवढं राहिलं होतं. गजकर्ण ऑक्टोबरातच बरं झालं होतं. मग माझ्या मोतीबिंदूचं निघालं आणि तिचं राहून गेलं. त्या म्हणाल्या, "आम्ही करून घेऊ बाई, काळजी नको." मी काळजी केली नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टोपलीत घालून, कंगवा बरोबर देऊन, पाठवून दिली. त्या रविवारी चर्चमध्ये त्या घरच्या बाकाकडे बघून मला फार बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

एकोणिसाव्या दिवशी मी नाताळचे कार्ड द्यायला गेले. रूथ मागच्या गॅलरीत पिंजऱ्यात होती. सोफ्यावर केस पडतात म्हणून. कंगवा पाकिटातून बाहेर निघालेला नव्हता. काखेत हात घातला तर गुंता. डोळ्यांतून येणारं पाणी नाकाच्या दोन्ही बाजूंनी वाळून तपकिरी झालेलं. चपट्या नाकाच्या मांजरांचं ते रोज ओल्या कापसानं पुसावं लागतं. मी काही बोलणार तेवढ्यात बाईच उत्साहानं म्हणाल्या, "बरं झालं आलात. ओळखीच्यांकडे एकदम प्युअर बोका आहे, पुढच्या आठवड्यात आणतोय. एकदा पिल्लं होऊ देत, मग ऑपरेशन. दुकानात एकेकाला दहा-बारा हजार घेतात. आपण मंडळीतल्यांना तसंच देऊ."

मांजरीला एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, हे सगळेच म्हणतात. डॉक्टरांना विचारलं तर त्यात तिच्या तब्येतीचा काहीच फायदा नाही. उलट पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन केलं तर पुढे स्तनाच्या गाठी होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आजार वंशानं उतरतो. आई किंवा बाप एकालाही असला तर प्रत्येक पिल्लाला तो होण्याची शक्यता निम्मी. बाहेरून बघून काही कळत नाही. आणि नऊ आठवड्यांत चार-पाच पिल्लं झाली की त्यांतली निम्मी पुढच्या जुलैत कुठल्या शेडमध्ये सापडतील हे मला सांगायला ज्योतिषी नको.

मी रूथला परत मागितली. बोलताना माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. त्याबद्दल मी त्या घरी जाऊन माफी मागितली आहे आणि इथेही मागते. मांजर परत आणल्याबद्दल मात्र नाही. त्या घरातली छोटी मुलगी रडत दारापर्यंत आली. तिचा यात काय दोष? ते रडणं अजून कानात आहे. तेव्हापासून त्या बाकावरून मला सलाम येत नाही. नाताळच्या उपासनेत हात मिळवायची वेळ आली तेव्हा त्या मागच्या बाकाकडे वळल्या. छोटी मंडळी आहे आमची. एवढ्याशा गोष्टीचाही आवाज फार होतो.

घरी येऊन मी याकोबाचं पत्र उघडलं. दुसरा अध्याय मी संडे स्कूलला किती वर्षं शिकवला असेन. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला म्हणायचं, तू तिकडे उभा राहा. मुलांकडून मी याचं नाटुकलं बसवून घ्यायचे, अंगठी चांदीच्या कागदाची करायचे. आणि ऑगस्टात माझ्या स्वतःच्या दारात मी काय केलं?

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं, लसी पूर्ण केल्या. मग मी खालांकडे गेले. साडी न घेता गेले म्हणून त्या जरा चमकल्या. या वेळी मी सगळे प्रश्न विचारले. लाज वाटत होती, पण विचारले. घरमालकाची हरकत आहे का? रोज दहा मिनिटं कोण विंचरणार? लग्नाकार्याला गावी गेलात तर कोण बघणार? आजारी पडली तर दवाखान्याचं काय?

घरमालकिणीला त्यांनी ऑगस्टातच विचारून ठेवलं होतं. माझ्याकडे यायच्या आधी. विंचरायचं त्या स्वतः करणार, दुपारी नमाजानंतर, मशीन बंद असतं तेव्हा. गावी गेल्यावर पलीकडच्या खोलीतल्या सूनबाई. दवाखान्याचं ऐकून मात्र त्या थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "मोठं काय निघालं तर मला झेपायचं न्हाई बाई. खोटं कशाला सांगू." मी म्हटलं, मोठं निघालं तर निम्मं माझं. त्या मोठ्या घरात मला हे उत्तर मिळालं नव्हतं, कारण तिथे मी हा प्रश्नच विचारला नव्हता.

मला खरी भीती होती ती दोऱ्याची. शिवणाचं घर. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, गिळतच जाते. तो आतड्यात अडकला की आतडं गोळा होतं, फाटतं, जीव जातो. सुई असली तर बोलायलाच नको. मी हे सांगितल्यावर खालांनी मशीनखालून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ओढून काढला. सगळी रिळं, सुया, तुकडे त्यात, झाकण घट्ट. "लहान नात येतेय माझ्याकडं. दोरा मी कधीच उघडा ठेवत न्हाई." मग हसत म्हणाल्या, आमच्यात पैगंबरसाहेबांचे एक साथी होते, त्यांना मांजरांचा एवढा लळा की त्यांचं नावच अबू हुरैरा पडलं, मांजराच्या पिल्लाचा बाप. "तुम्ही काळजी करू नका, आम्हाला मांजराचं सांगून ठेवलेलं हाय."

जानेवारीच्या शेवटी रूथ तिकडे गेली.

तेव्हा 'बाहेर' म्हणजे काय, ते मला समजावून सांगा. आमच्या घरापासून मागची गल्ली दीडशे पावलं आहे. ज्या खालांच्या हातचा फॉल लावून आपल्या अर्ध्या बायका ईस्टरला चर्चमध्ये येतात, त्या बाहेरच्या कशा? आणि पोरांनी जिचं नाव या मांजराला दिलं ती रूथ मवाबी होती, हे पोरांना ठाऊक आहे, मोठ्यांना विसरायला झालं की काय?

आता थोडं माझं म्हणणं, पटलं तर घ्या. मंडळीच्या ग्रुपवर कोणतंही जनावर "फुकट द्यायचं आहे, आधी येईल त्याला" असं टाकू नका. फुकट म्हटलं की हौस येते, आणि देखण्या जनावराच्या बाबतीत धंदाही येतो. लांब केसांची मांजरी ऑपरेशनशिवाय कोणाच्याच हातात देऊ नका, सख्ख्या भावाच्याही नाही. ही माझी चूक होती, तुम्ही करू नका. नाताळची भेट म्हणून तर नकोच. नाताळात घर पाहुण्यांनी भरलेलं, दारं उघडी, फटाके. नवीन मांजर बिथरून पळून जायला याहून सोयीचा दिवस नाही. द्यायचं असेल तर जानेवारीत द्या. आणि देऊन झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकदा बघायला जाते, हे आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं, म्हणून माझं जाणं त्यांना झडती घेतल्यासारखं वाटलं. ते वाटणं चुकीचं म्हणता येणार नाही.

काही जण म्हणतात, बाई, माणसं उपाशी आहेत आणि तुम्ही मांजराचं घेऊन बसलात. हे बोलणाऱ्यांपैकी कोणाला मी उपाशी माणसाच्या दारात फारसं पाहिलेलं नाही, पण ते असो. पाळकसाहेबांनी मात्र मला वेगळा प्रश्न विचारला. मांजरासाठी एका घराशी तुटलं, ते तुम्हाला परवडलं का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. लेंट सुरू आहे. मी पुन्हा एकदा त्या घरी जाणार आहे, या वेळी कार्ड न घेता. मुलीनं मांजर बघायला यायचं म्हटलं तर खालांची ना नाही, मी विचारून ठेवलं आहे.

परवा मी खालांकडे गेले होते. नातीनं नाव बदललंय, तिथे ती आता रुखसार. मशीनच्या फळीवर, उन्हाच्या तुकड्यात पसरलेली. काखेत बोटं घातली. एक गुंता नाही. खाला बांगडा उकडून, काटे काढून, वाटीत थंड करत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तपासलंत? आता चहा घ्या."

एक शेवटचं. त्याच स्कूटरच्या शेडमध्ये पंधरा दिवसांपूर्वी गल्लीतली एक मांजरी व्याली आहे. तीन पिल्लं, दोन काळी-पांढरी, एक करडं. अगदी साधी. अजून आईच्या अंगावर आहेत, दोन महिन्यांची झाल्याशिवाय देणार नाही. ऑपरेशनचं आणि लसींचं मी बघते, प्रश्नही विचारणार आहे. फोटो ग्रुपवर टाकला आहे, अजून फोन आलेला नाही. केस आखूड आहेत, कंगवा लागणार नाही.

आपली,
संडे स्कूलची एक जुनी शिक्षिका,
कॅम्प, बेळगाव